सोमवारी सही करू नका, ताई

सदराकडे आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"माझे वय पन्नास. माहेर लातूर जिल्ह्यात, सासर परभणी जिल्ह्यात. लग्न मे १९९४ मध्ये झाले. गेल्या फाल्गुनात वडील वारले. वडिलोपार्जित बारा एकर जमीन त्यांच्या नावावर आहे. आई आहे, दोन भाऊ आहेत. दोघे भाऊ आठ-दहा वर्षांपासून जमीन निम्मी-निम्मी वाहतात, पण वाटणीचा कागद झालेला नाही. मागच्या आठवड्यात थोरल्या भावाचा फोन आला, की सोमवारी आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन तालुक्याला ये, हक्कसोड पत्रावर तुझी आणि आईची सही करायची आहे. मी विचार करून सांगते म्हणाले, तर तो म्हणाला, 'तुझ्या लग्नात बापानं दीड एकर विकलं. आता हिस्सा मागितलास तर पंचमीला न्यायला कोण येईल?' नात्यातले एक जाणकार सांगतात, की चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही, सही ही नुसती रीत आहे. माझी मुलगी नर्सिंग शिकते. ती म्हणते, 'आई, तू सही केलीस तर उद्या माझ्याकडूनही हेच मागतील.' मला जमिनीचा लोभ नाही, भाऊ तुटू नयेत एवढेच वाटते. हा हक्क खरोखर आमचा आहे का, की सरकारने उगाच घराघरांत भांडण लावून दिले?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्राचे उत्तर मी सोमवारच्या आत पोहोचावे म्हणून इतर पत्रे बाजूला ठेवून लिहीत आहे. सोमवारी सही करू नका. भावांशी वैर करा असे मी सांगत नाही. तुम्ही थांबलात तर कुणाचेच काही बुडत नाही. मात्र हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एकदा नोंदले गेले, की ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि सख्ख्या भावाने फोनवर घातलेला दबाव सिद्ध करणे किती अवघड आहे हे मी वेगळे सांगायला नको. शिवाय तुमचे जाणकार नातेवाईक म्हणतात तशी ही नुसती रीत असती, तुमचा हक्कच नसता, तर तो सोडण्यासाठी तुम्हाला परभणीहून बोलावून घेण्याची गरज कुणालाही पडली नसती.

त्या नातेवाइकांची चूक कुठे होते ते आधी पाहू, कारण हीच चूक आपल्या भागात गावोगाव सांगितली जाते आणि तिच्यात अर्धे सत्य असल्यामुळे ती खरी वाटते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः सहहिस्सेदार केले. ही दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली आणि त्या तारखेपूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुलींना तिच्यातून वगळले गेले. तुमचे लग्न मे महिन्यातले. जेमतेम काही आठवड्यांनी तुम्ही त्या कायद्याबाहेर राहिलात, आणि तुमच्या नातेवाइकांची माहिती तिथेच थांबली आहे. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने सगळ्या देशासाठी हीच दुरुस्ती केली, तेव्हा लग्नाची अट ठेवली नाही. विवाहित, अविवाहित, परित्यक्ता, विधवा, कोणतीही मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली. त्यानंतरही एक वाद शिल्लक होता, तो म्हणजे त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तोही मिटवला: मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तुमचे वडील तर तेव्हा होतेच.

भावांनी आपसांत जमीन निम्मी केली आहे, ती वाटणी तुमच्या आड येत नाही. कायदा फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या, आणि तीही नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या, वाटणीला हात लावत नाही. तुमच्या घरची वाटणी बांधावर उभे राहून तोंडी झालेली आणि अलीकडची आहे.

आता हिशेब. जमीन वडिलोपार्जित असल्यामुळे वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कायदा मानतो. वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे पाच भाग पडतात. मग वडिलांचा एक भाग मागे राहिलेल्या चौघांत समान वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला पाचातला एक आणि विसातला एक, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा येतो. ही जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असती आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसते, तरीही पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी यांना चौथा-चौथा हिस्सा आला असता. बारा एकरांत तुमचे तीन एकर, आणि आईचेही तीन एकर. वडिलांचे एखादे मृत्युपत्र निघालेच, तर ते त्यांच्या स्वतःच्या भागापुरते चालेल. तुमचा जन्माचा भाग त्याने जात नाही. राहत्या घरालाही हेच लागू आहे. पूर्वी भाऊ वाटणी करीपर्यंत बहिणीला घराची वाटणी मागता येत नसे, ते कलम २००५ मध्येच काढून टाकले गेले. (हे सारे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचा वारसा वेगळ्या कायद्यांनी ठरतो.)

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सरकारने भांडण लावून दिले का?

माझ्या थोरल्या आत्याची गोष्ट सांगते. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी तिला माहेरी आणले आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. ती कचेरीतून परत आली तेव्हा अंगठ्याला जांभळी शाई होती. चुलीतली राख घेऊन तिने ती घासली, मग दारातल्या लिंबाच्या खोडावर घासली, तरी ती नखाच्या कडेला दोन-तीन दिवस राहिली. त्या दिवशी घरात पुरणपोळी केली होती आणि आत्याला हिरवे लुगडे घेतले होते. कागद तिला कुणी वाचून दाखवला नाही, तिनेही विचारले नाही. पुढे तिचे यजमान गेले, सासरी दिरांनी थारा दिला नाही, तेव्हा ती आमच्याकडे आली आणि गोठ्याला लागून असलेल्या खोलीत अठरा वर्षे राहिली. तिला कुणी उपाशी ठेवले नाही. पण जेवायला बसताना ती नेहमी दाराकडे तोंड करून, ताट मांडीजवळ ओढून बसायची. कुणी उठ म्हणाले तर लगेच उठता यावे, तशी. ज्या भावांनी तिचा अंगठा घेतला त्यांत माझे वडील होते. ते वाईट नव्हते. सगळे करतात तेच त्यांनी केले. त्या जमिनीच्या उत्पन्नावर मी शिकले, आणि तिच्यातला काही भाग १९५६ च्या कायद्यानेसुद्धा आत्याचा होता हे मला कळले, तेव्हा ती जाऊन बारा वर्षे झाली होती. तुम्हाला थांबा असे इतक्या ठामपणे सांगते आहे, त्यामागे हे आहे.

भांडण कायद्याने लावले नाही, ताई. आधी अन्याय होता, आणि तो बोलून दाखवणाऱ्या माणसांना फार मोठी किंमत मोजावी लागली. स्वातंत्र्याआधी बेनेगल नरसिंग राव यांच्या समितीने हिंदू कायद्याचा जो मसुदा केला त्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सुचवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिलात तो निम्म्याचा पूर्ण केला. मुलीला मुलाइतका हिस्सा, घटस्फोटाचा अधिकार, एकपत्नीत्व, विधवेला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी, हे सारे त्या बिलात होते. हंसाबेन मेहता, रेणुका रे, दुर्गाबाई देशमुख यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात त्याच्या बाजूने बोलल्या. विरोध मात्र सभागृहातही होता आणि रस्त्यावरही. त्या काळातला एक महिना आपल्या मराठवाड्याशी जोडलेला आहे. १ सप्टेंबर १९५१ रोजी औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच महिन्यात राष्ट्रपतींनी हिंदू कोड बिलाला असलेला आपला विरोध पंतप्रधानांना लेखी कळवला, आणि महिना संपण्याआधी, २७ सप्टेंबरला, बिल बाजूला पडलेले पाहून बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला आणखीही कारणे होती, पण हे बिल त्यांतले फार मोठे कारण होते. या देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याने खुर्ची सोडली, ती तुमच्या-माझ्या हिश्श्याच्या प्रश्नावर. मराठवाड्यात बाबासाहेबांच्या नावाने इतके काही उभे आहे, तरी ही गोष्ट आपल्या घरांमध्ये क्वचितच सांगितली जाते, याची मला खंत वाटते.

पुढे तेच बिल तुकडे करून मंजूर झाले. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला, तेव्हा आपला मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो आला १ नोव्हेंबरला. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यात जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायका उतरल्या, त्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. ज्या प्रदेशात बाईने लढ्यात उडी घेतलेली चालली, त्याच प्रदेशात सातबारावर तिचे नाव मात्र चालले नाही. नव्या कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली, वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला समान वाटा दिला. पण वडिलोपार्जित जमिनीतली जन्माची हिस्सेदारी मुलग्यांपुरतीच ठेवली. शेतकऱ्याच्या घरी बहुतेक जमीन वडिलोपार्जितच असते. म्हणजे कायदा झाला तरी शेतकऱ्याच्या मुलीच्या हाती वडिलांच्या भागातला लहानसा तुकडा येई, आणि तोही हक्कसोडीत जाई.

उरलेले अंतर कापायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. या काळात शेतकरी बायकांनी स्वतः हा प्रश्न उचलला हे विसरू नका. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा भाग बायकोच्या नावावर करावा, आणि ज्या गावात शंभर जण असे करतील त्या गावाला लक्ष्मीमुक्तीचे गाव म्हणावे. कोर्ट नाही, भांडण नाही. ज्या बाईने जन्मभर त्या रानात खुरपणी केली तिचे नाव कागदावर. पुढची पावले, म्हणजे १९९४, २००५ आणि २०२० ही वर्षे, मी वर सांगितलीच आहेत.

बाईच्या कामाला आपण कसे मोजतो याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारी जोडी निघते तेव्हा नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, आणि उचल, म्हणजे आगाऊ मिळणारी रक्कम, सहसा नवऱ्याच्या हातात पडते. तोडलेला ऊस मोळी बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या हिशेबात अर्धा कोयता असते, तिच्या नावाचा कागद कुठेच नसतो. शेतातही तसेच आहे. पीकविमा, पीककर्ज, शेतकरी सन्मान निधी, अतिवृष्टीची भरपाई, हे सगळे सातबारावर ज्याचे नाव त्याला मिळते. नाव नसेल, तर आयुष्यभर शेतात राबूनही सरकारदरबारी ती शेतकरी ठरत नाही.

आता तुमच्या भावाच्या बोलण्याकडे येते, कारण त्यातली सल मी समजू शकते. तुमच्या लग्नात वडिलांनी दीड एकर विकले. पण तो पैसा मांडवात, मानपानात आणि बहुधा हुंड्यात गेला. तुमच्या हातात त्यातले काय आले? हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, आणि लग्नाचा खर्च म्हणजे वारसाहक्काचा हिस्सा असे कोणताही कायदा मानत नाही. भावांच्या लग्नांतही खर्च झालाच असेल, तो कुणी त्यांच्या वाट्यातून वजा केलेला नाही. दुसरीकडे, वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या भावांनी मारल्या असतील, विहीर खोदली असेल, कर्ज फेडले असेल, तर ते श्रम खरे आहेत आणि तुम्ही ते आपणहून बोलून दाखवायला हवेत. वाटणीच्या बोलण्यात त्याचा विचार जरूर करा. मात्र तो विचार हिस्सेदार म्हणून समोर बसून करायचा असतो. आधी सही करून उठल्यावर बोलायला काही उरत नाही.

"पंचमीला न्यायला कोण येईल" हे वाक्य वाचताना मला त्रास झाला. आपल्याकडे पंचमीला माहेरी जाणे ही बाईच्या वर्षातली केवढी मोठी गोष्ट आहे हे त्या भावाला ठाऊक आहे, म्हणून तर त्याने नेमके तेच धरले. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कदाचित एक-दोन वर्षे कुणी न्यायला येणारही नाही. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे अबोला धरलेला भाऊ भाच्याच्या लग्नात आहेर घेऊन आला, आणि अशीही पाहिली आहेत जिथे तो आला नाही. सही करूनही माहेर तुटलेल्या बहिणी मात्र मी त्याहून जास्त पाहिल्या आहेत, कारण आई गेल्यावर आणि वहिन्यांचे राज्य आल्यावर तिच्या येण्याला कुणाचीच गरज उरत नाही.

तेव्हा सोमवारच्या आधी भावाला स्वतः फोन करा आणि शांतपणे एवढेच सांगा, की "दादा, मी सोमवारी येणार नाही. आधी बाच्या जागी आपल्या चौघांची नावं लागू दे, मग आपण बसून बोलू." वाद वाढवू नका, कायद्याची कलमे ऐकवू नका. आधार कार्डाची प्रत, फोटो किंवा सही केलेला कोरा कागद कुणाच्याही हाती पाठवू नका. 'संमतीपत्र' किंवा 'वाटणीपत्र' असे दुसरे नाव सांगून कागद पुढे आला तर तो घरी आणून मुलीकडून पूर्ण वाचून घ्या.

दुसरे काम वारस नोंदीचे. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्यांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. भावांनीच करावा असे काही नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. भावांनी फक्त स्वतःची नावे देऊन फेरफार घातला असेल, तर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या; मग नोंद परस्पर मंजूर होत नाही, सुनावणी होते. नोटीस आलीच नाही आणि फेरफार मंजूर झाला, तरी घाबरू नका. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि मुख्य म्हणजे फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिच्याने मालकी निर्माण होत नाही की जात नाही. अधूनमधून महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ मुलीला पाहायला सांगत जा. एवढे करूनही भाऊ ऐकेनात, तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो. तो मार्ग शेवटचा ठेवा, पण तो आहे हे तुम्हाला आणि भावांना दोघांनाही माहीत असू द्या.

नाव लागल्यानंतर जमीन ताब्यात घेऊन कसलीच पाहिजे असे नाही. तुम्ही परभणीहून येऊन तीन एकर कसू शकत नाही हे उघड आहे. भावालाच बटईने द्या, लेखी करून. सोयाबीन निघाले की तुमचा वाटा तुमच्या खात्यावर येऊ द्या. आणि पाच वर्षांनी खरोखरच वाटले, की धाकट्या भावाची परिस्थिती बिकट आहे, आपल्यातले एक एकर त्याला द्यावे, तर जरूर द्या. तेव्हा तुम्ही मालक म्हणून द्याल आणि घेणाऱ्यालाही ते दिल्याचे कळेल.

आईविषयी तुम्ही फक्त एका ओळीत लिहिले आहे, पण मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. तुमच्यामागे नवरा आहे, मुलगी उद्या कमावती होईल. आईला यापुढे मुलांच्याच घरी राहायचे आहे आणि सोमवारी त्यांच्याही सहीचा बेत आहे. त्यांच्या नावावर तीन एकर राहिले, तर त्यांचे औषधपाणी, त्यांचा शब्द आणि ताटावर बसतानाची त्यांची जागा, सगळेच वेगळे राहील. म्हणून भावाला फोन करण्याआधी आईला फोन करा, तोही दुपारी, भाऊ शेतात असताना. अंगठा किंवा सही कशासाठी मागतात ते त्यांना सोप्या भाषेत समजावून सांगा, आणि सोमवारी अंगात कणकण आहे म्हणून त्यांना घरीच राहू द्या. पुढच्या आठवड्यात मुलीला सुट्टी काढायला सांगा. तिघी मिळून तलाठ्यांकडे जा, आणि वारसांच्या यादीत आईचे नाव सर्वांत वर घाला.